काळवंडलेली साय

“हे मांजर माझं नाही, एवढं मला लिहून द्या,” सुजाताताई म्हणाल्या आणि त्यांनी पिंजरा माझ्या टेबलावर जवळजवळ आदळलाच.

मी इंदिरानगरात जनावरांचा दवाखाना चालवते. कुत्री, मांजरं, अधूनमधून एखादा पोपट. मांजर हरवलं म्हणून रडत येणारे पुष्कळ पाहिलेत. परत आलेलं मांजर नाकारणारी बाई मात्र पहिलीच. त्यात सुजाताताई म्हणजे जन्मभर शाळेत गणित शिकवून रिटायर झालेल्या. उगाच काहीतरी बोलणाऱ्यातल्या नव्हेत.

त्यांचं मांजर सयामी जातीचं. निळे डोळे, तोंड-कान-पाय-शेपूट काळपट आणि बाकी अंग दुधावरच्या सायीच्या रंगाचं. म्हणून नावच साय. पिंजऱ्यातून बाहेर काढलं ते मात्र पाठभर उकळलेल्या चहासारखं तपकिरी होतं. वर केस राठ, कमरेपाशी गुंता, कोंडा. मीसुद्धा दोनदा निरखून पाहिलं, खोटं कशाला बोलू!

झालं होतं असं. दिवाळीनंतर ताई मुलीच्या बाळंतपणासाठी पुण्याला गेल्या. साय धाकट्या भावाकडे, मिलिंदकडे, पिंपळगाव बसवंतला ठेवली. मिलिंद तिथल्या एका द्राक्षांच्या पॅकहाउसमध्ये सुपरवायझर. पॅकहाउस म्हणजे द्राक्षं निवडून, बॉक्समध्ये भरून, गार करून परदेशी पाठवतात ती जागा. राहायला क्वार्टरही तिथंच. मार्चअखेर ताई परतल्या आणि मिलिंदनं हे तपकिरी प्रकरण आणून दिलं. असं कसं झालं विचारलं, तर “हवामान” एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला.

चहा न घेता गेला, इथंच ताईंच्या मनात पाल चुकचुकली. त्यांचं गणित सरळ होतं. साय मेली. मिलिंद घाबरला. कुठून तरी दुसरी सयामी आणून त्यानं बहिणीच्या हातात ठेवली. चूक झाकण्यात त्याचा लहानपणापासून कोणी हात धरू शकत नव्हतं म्हणे. तेव्हापासून दोन महिने ताई भावाशी बोलत नव्हत्या. मांजराला बाल्कनीत ठेवलं होतं. खायला घालायच्या, पण नावानं हाक मारायच्या नाहीत. आता ते खातही नव्हतं.

“माझं असतं तर कुशीत आलं असतं ना हो?” त्या म्हणाल्या. मांजर गेल्याचं दुःख होतंच. पण सख्खा भाऊ डोळ्यांदेखत फसवतो, हे त्यांना जास्त लागलं होतं.

पोटावर ऑपरेशनचा व्रण होता. सायीचं ऑपरेशन मीच केलेलं. पण ताई म्हणाल्या, हल्ली सगळ्याच मांजरांची ऑपरेशनं होतात. बरोबरच होतं. टाके माझे की दुसऱ्या कोणाचे, हे वर्षभरानं मलाही ओळखू येत नाही. निळे डोळे म्हणाल तर ते प्रत्येक सयामीचे निळेच.

मग मी माझ्या पद्धतीनं सुरुवात केली. मांजराचे केस बिघडले की आम्ही आधी साध्या गोष्टी तपासतो. बारीक फणी फिरवून निघालेली घाण ओल्या पांढऱ्या कापसावर टाकायची. काळे कण लालसर विरघळले तर ती पिसवांची विष्ठा, म्हणजे अंगावर पिसवा आहेत. इथं काही नाही. खास निळ्या दिव्याखाली केस धरायचे. हिरवट चमकले तर बुरशीचा संशय. तसंही काही नाही. रक्त तपासलं. किडनी, लिव्हर ठीक. खाण्यात कमतरता असली तर काळं मांजर तांबूस होतं, पण फिकं मांजर काळं होत नाही. थोडक्यात, मांजर आजारी नव्हतं. उदास होतं.

रंगाचं उत्तर मला तोवर अंधुक दिसायला लागलं होतं. सयामी मांजराची एक गंमत असते. त्याच्या केसाला काळा रंग देणारं रसायन उबेत काम करत नाही, गारव्यात करतं. म्हणून अंगाचे गार भाग, कान, नाक, पंजे, शेपूट, तेवढे काळे. पोट-पाठ गरम, म्हणून फिकी. वय वाढलं की पाठ थोडी गडद होतेच. पण एका हिवाळ्यात एवढी? त्याला चांगलाच गारवा लागतो, तोही रोजचा.

मी तिथूनच मिलिंदला फोन लावला. मांजर कुठं झोपायचं, एवढंच विचारलं. “घरातच की मॅडम. पलंगावर. मुलांच्या गोधडीत,” तो म्हणाला. मी म्हटलं, रविवारी दवाखान्यात या. तो म्हणाला, सीझनचं आवरायचं काम लय हाय. मी म्हटलं, या.

आला. सोबत बेदाण्याची पिशवी. मला नमस्कार, बहिणीला “जय भीम, ताई.” ताईंनी जय भीम घातला, पण भिंतीकडे बघत. मी मनात म्हटलं, आता कोर्ट सुरू.

मी मांजर टेबलावर घेतलं आणि पाठीवरचे केस दोन बोटांनी विंचरल्यासारखे उलटे केले. ताईंना म्हटलं, चष्मा लावा आणि जवळ या. केसांची टोकं तपकिरी होती आणि मुळं फिकी, सायीच्या रंगाची. पाठीवर, कमरेवर, खांद्यावर, जिथं बघाल तिथं तेच. केस डाय केलेल्या माणसाची मुळं पांढरी दिसतात ना, तसं.

मी सांगितलं, “केस मुळाशी वाढतो. टोक आधीचं, मूळ आत्ताचं. म्हणजे हे मांजर हिवाळाभर कुठंतरी गारठ्यात होतं आणि इंदिरानगरच्या उन्हाळ्यात आल्यापासून पुन्हा फिकं व्हायला लागलंय. मूळचा रंग हाच. आता मिलिंदराव, पलंगावर गोधडीत एवढी थंडी कुठून आली, ते तुम्ही सांगा.”

मिलिंदनं आधी पंख्याकडे पाहिलं, मग दाराकडे. शेवटी बोलला. घरात त्याच्या बायकोला मांजर नको होतं. पहिल्याच दिवशी “एकतर हे राहील नाहीतर मी,” असं झालं. आता हे ताईला सांगायचं म्हणजे नणंद-भावजयीत कायमची काडी. म्हणून त्यानं सायीला पॅकहाउसमध्ये नेलं. द्राक्षं गार करायच्या खोलीला लागून त्याची केबिन. भिंत एक, दाराच्या फटीतून चोवीस तास गारवा. एक्स्पोर्टच्या मालापाशी मांजर सापडलं असतं तर नोकरीच गेली असती. म्हणून हे मालकालाही माहीत नव्हतं. तपासणीला पाहुणे आले की साय कपाटात.

“खायला ताजी मासळी द्यायचो, ताई. मी स्वेटर घालून बसायचो आन् तिला मांडीवर घ्यायचो,” तो म्हणाला. “काळी पडायला लागली तवा मलाच भ्या वाटलं. तुला काय सांगू?”

ताईंनी चष्मा काढून ठेवला. मग त्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे सरळ पाहिलं.

“एक खरं सांग. ती तिकडं मेली असती, तर मला सांगितलं असतंस?”

मिलिंदनं विचार केला. अगदी प्रामाणिकपणे केला, ते तोंडावर दिसत होतं.

“नाय,” तो म्हणाला. “दुसरी आणली असती.”

मी मनात कपाळावर हात मारला. दोन महिन्यांचा गुंता सुटत आला होता आणि या बाबानं स्वतःच पुन्हा गाठ मारली. पण ताईंना हसू फुटलं. हसता हसता डोळे पुसले. “मग मी फार चुकले नव्हते,” म्हणाल्या आणि त्याच्या पाठीत एक धपाटा घातला. धपाटा चांगला जोरात होता.

आता खरं तर माझं काम संपलं होतं. पण एक गोष्ट राहिली होती आणि ती मला गिळता येईना.

“ताई, रंगाचं झालं. आता या गुंत्याचं आणि कोंड्याचं. मांजर दिवसाचा केवढा तरी वेळ स्वतःला चाटून साफ करतं. त्याचं मन उडालं की आधी ते चाटणं सोडतं, मग खाणं. केसांची तकाकी जाते ती तशी. तिचा रंग पिंपळगावात गेला, पण तकाकी तुमच्या बाल्कनीत गेली.”

ताईंचं हसू मावळलं. त्या टेबलापाशी आल्या, खाली वाकल्या आणि हळूच म्हणाल्या, “साये.” मांजरानं मान वळवली नाही. मांजर ते, दोन महिन्यांचा राग एका हाकेत सोडणार थोडंच! फक्त एक कान ताईंच्या बाजूला फिरला. ताई तेवढ्यावरच रडायला लागल्या.

मी गुंता कापून दिला, भूक लागायचं औषध दिलं आणि बाल्कनी बंद म्हणून सांगितलं. आठवडाभर साय पलंगाखाली होती, मग पलंगावर आली. श्रावणापर्यंत जुने केस बरेचसे झडले. पाठीवर अजून फिक्या चहाची झाक आहे, ती बहुतेक राहील. वय झालं की राहतेच. मिलिंद आता आला की चहा घेतो. पण पुढच्या खेपेला ताई पुण्याला जाताना सायीला सोबत घेऊन गेल्या.

लोक मला नेहमी विचारतात, मुक्या जनावराचं दुखणं तुम्हाला कळतं तरी कसं? मुक्याचं कळतं हो. केस उलटे करून बघितले की सांगतं बिचारं सगळं. घाम फुटतो तो त्याला घेऊन येणाऱ्यांचं ऐकताना.