बॅकहँडला चुकत जा

भातसानगरच्या क्लबात टेबल टेनिसचं एकच टेबल होतं, आणि पोरींत माझ्यापेक्षा बरं खेळणारं त्या टेबलावर कुणी नव्हतं. फुशारकी नाही, खरं तेच सांगते. बाबा धरणावर चौकीदार. मला खेळ शिकवणारे सर म्हणजे बाबांचे साहेब, कॉलनीतले इंजिनीयर. त्यांची मुलगी माझ्याच वर्गात, माझी जिवलग मैत्रीण. रोज संध्याकाळी आम्ही दोघी समोरासमोर.

सरांना चीनचं भारी वेड. तिकडच्या कुठल्याशा चॅम्पियन बाईचा मासिकातला फोटो त्यांनी क्लबच्या भिंतीला चिकटवला होता. ती पेन धरल्यासारखी बॅट धरायची, म्हणून मलाही तशीच धरायला शिकवली. माझा फोरहँड असा काही बसायचा की विचारू नका! बॅकहँड मात्र लंगडा. लहानपणीच त्या चॅम्पियनला घरापासून लांब कसं नेऊन ठेवलं, ती कुठे कुठे जिंकली, सगळं सर रंगवून सांगायचे आणि मी आ वासून ऐकायचे. मला तिच्यासारखं व्हायचं होतं. हसा हवं तर.

जिल्ह्याच्या निवड स्पर्धेत आम्ही दोघीच फायनलला आलो. जिंकेल ती राज्याला जाणार. आदल्या संध्याकाळी सरांनी मला एकटीला थांबवलं. म्हणाले, चीनमध्ये कधी कधी आपल्याच संघातल्या पोरीसमोर हरायला वरून सांगतात. ही चॅम्पियनसुद्धा एकदा अशी हरली, मग पुढच्या वर्षी तिची पाळी आली. आमच्या पोरीचं वयोगटात बसायचं हे शेवटचं वर्ष, तुझं अजून एक बाकी आहे. मग आवाज उतरवून म्हणाले, "बॅकहँडला चुकत जा, कोणाला शंका येणार नाही. पुढच्या वर्षी तुझंच नाव."

घरी येऊन आईला माझं वय विचारलं. ती म्हणाली, तू भातकापणीला झालीस, साहेबांची पोर तुझ्याहून वर्षाने मोठी असंल. म्हणजे सर बरोबरच बोलत होते.

हरले. चुकत गेले, चुकत गेले आणि हरले. मैत्रीण एकही चेंडू फोरहँडला देईना. मला वाटलं, पोर हुशार झाली. बाबा रजा टाकून बघायला आले होते. परतीच्या एसटीत मला पोटातलं ओठावर आणता येईना.

पुढच्या वर्षी शाळेतल्या खेळाच्या बाई म्हणाल्या, तू वयात बसत नाहीस. गावच्या शाळेत गुरुजींनी निम्म्या पोरांची जन्मतारीख एक जून टाकली होती. मला लवकर शाळेत घ्यायचं म्हणून साल पण एक मागचं. तारीख कोण विचारतो, अशी आमच्याकडची पद्धत! पण सरांनी विचारली होती. स्पर्धेसाठी माझा जन्मतारखेचा दाखला त्यांनीच शाळेतून नेला होता.

तशीच त्यांच्या क्वार्टरवर गेले. पेपरातून डोकं वर न काढता ते म्हणाले, "स्वतःची जन्मतारीख तुला ठाऊक नाही, यात माझा काय दोष?" असा संताप झाला की तो पेपर फाडून टाकावासा वाटला. पण बाबांचे साहेब पडले ना. मुकाट घरी आले. त्याच वर्षी त्यांची बदली झाली. बॅट मी पुन्हा हातात घेतली नाही.

बऱ्याच वर्षांनी मैत्रीण मुरबाडच्या बाजारात भेटली. फार्महाउससाठी जागा बघायला आली होती. मला बघून गळ्यातच पडली. चहा घेताना मला राहवलं नाही, तिच्या पप्पांनी मला काय करायला लावलं ते सगळं सांगून टाकलं. वाटलं, बिचारी हादरेल. इतकी वर्षं तिला यातलं काही ठाऊक नाही म्हणूनच तर मी तिच्यावर राग धरला नव्हता.

ती चहात बिस्कीट बुडवत होती. म्हणाली, "अगं, मीच पप्पांच्या मागे लागले होते. एरवी तू काय मला जिंकू दिलं असतंस होय?"

आणि मी इतकी वर्षं एकट्या सरांनाच शिव्या घालत बसले होते.