लाइनीवरचा तिसरा माणूस

बेचाळीसच्या धामधुमीत मी अमरावतीच्या टेलिफोन एक्स्चेंजात लाइनी जोडायचो. शेजारच्या स्टुलावर साध्या वेशातला एक पोलीस लोकांचे फोन ऐकत, टिपून घेत बसे. त्याचं नाव विचारायचं नाही, असा साहेबांचा हुकूम होता. यंत्र कानाला लावण्याआधी तो टोपी काढून मांडीवर ठेवी, जणू कुणाच्या देवघरात शिरतोय. लाइन नीट लागली का, हे पाहण्याच्या निमित्ताने मीही ऐकायचोच. तरी मी नाक मुरडलं की तो म्हणे, "बाबू, तुमी हौसेनं ऐकता, मी पगारासाठी ऐकून राहिलो."

माझे भाऊजी भूमिगत होते. एका सकाळी दवाखान्यातून मला फोन आला, ताईला मुलगी झाली, दोघी सुखरूप. शेजारच्या पोलिसानेही ते ऐकलं. दुपारी अकोल्याहून भाऊजींनी आमच्या शेजारच्या वकिलांचा नंबर मागितला. फोन गड्याने उचलला.

"बाळंतीण कशी आहे रे?"

"मले नाई मालूम जी," म्हणून त्याने ठेवून दिला. भाऊजी मात्र लाइनीवर "हॅलो, हॅलो" करत राहिले.

शेजारची पेन्सिल थांबली. टोपी घालून तो उठला. "मी चहा पिऊन येतो. त्याले सांगून टाका."

हा सापळा असला तर? तो दाराआडच उभा असला तर? घरी देशभक्तीवर तासतास बोलणाऱ्या मी लाइन तोडली.

तो परतला. "सांगतलं ना?"

"हो," मी म्हणालो.

साऱ्या गावाचं बोलणं संशयाने ऐकणाऱ्या त्या माणसाने माझं तेवढं खरं मानलं.