प्रेमलताचं नाक

मोहगावला बापाच्या संत्र्याच्या बगीच्यात प्रेमलता लहानाची मोठी झाली आणि तिचं नाक तिथेच तयार झालं. पेटीच्या तळाशी एखादं फळ सडायला लागलेलं असलं, तरी ती पेटी न उघडता सांगायची. बाप व्यापाऱ्यांसमोर तिला मुद्दाम उभी करायचा आणि पोरीचा गुण कौतुकाने दाखवायचा.

मग बोरगावच्या हेमराजशी लग्न झालं आणि त्या नाकाला भलतंच काम लागलं. हेमराज दिसायला नीटनेटका, बोलायला गोड, पण संध्याकाळी सहानंतर तो कोणाचाच नव्हता. त्याने चपला काढायच्या आधीच तिला कळायचं, आजची दारू मोहाची आहे की दुकानातली. वेलची चघळो नाही तर कांदा खाओ, तिच्यापुढे काही चालत नसे. एकदा मात्र त्याच्या शपथेला भुलून तिने साऱ्या गल्लीला छातीठोक सांगितलं, "माह्या माणसानं सोडली." त्याच संध्याकाळी चौघांनी त्याला नालीतून उचलून आणलं. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. ते हसणं ती कधी विसरली नाही.

अशी वीस वर्षं गेली. शेवटी नागपूरच्या व्यसनमुक्ती केंद्रात तीन महिने राहून हेमराज परत आला, आणि या खेपेला टिकला. निघताना तिथल्या सुधा मॅडमनी प्रेमलताला समोर बसवून सांगितलं होतं, "ताई, आजपासून वास घेणं बंद. खिसे तपासणं बंद. संध्याकाळ त्यांना जड जाईल, तेव्हा जवळ बसा. ते सांगतील ते ऐका. खरं बोलायची सवय नव्याने लावून घेताहेत ते."

आणि प्रेमलताने ते केलं, तेवढं श्रेय तिला दिलंच पाहिजे. हेमराज सौंसरला एका व्यापाऱ्याकडे संत्री निवडायच्या कामाला लागला होता. सहाच्या बसने तो परतला की ओट्यावर दोघांचा चहा व्हायचा. हा माणूस इतका बोलका आहे, हे तिला वीस वर्षांनी कळलं. एक दिवस तो आपणहून म्हणाला, "आज लय मन झालं होतं. दुकानापर्यंत गेलो अन् वापस आलो." ती ओरडली नाही. तिने त्याच्या कपात आणखी चहा ओतला, मग आत जाऊन रडली, आणि ते रडणं सुखाचं होतं.

तो केंद्रातून परतल्याच्या आठव्या महिन्यात तृप्तीला, त्यांच्या एकुलत्या एका पोरीला, पाहायला पांढुर्ण्याचे पाहुणे आले. हेमराजला उशीर झाला. गोदामात पेट्यांची थप्पी कोसळली, सडक्या संत्र्यांचा रस त्याच्या अंगभर उडाला, आणि पाहुणे खोळंबतील म्हणून तो तसाच बस पकडून आला. तो बैठकीत शिरताच आंबूस वास पसरला. मुलाच्या बापाने रुमाल नाकाशी नेला.

हेमराजचा थोरला भाऊ भिवाजी घराचा कर्ता. साऱ्या घराची अब्रू आपल्याच खांद्यावर आहे, असं समजणारा माणूस. त्याला धीर निघाला नाही.

"तृप्तीची माय, पाह्य बरं याचं तोंड. तुह्या नाकाले तं समजते."

प्रेमलताला ते हेमराज फाटकात होता तेव्हाच समजलं होतं. सडक्या संत्र्याचा वास. वयाच्या आठव्या वर्षापासून ओळखीचा. एवढंच म्हणायचं होतं की हा संत्र्याचा वास आहे. पण त्या बाया तिच्या कानात पुन्हा हसल्या. खाली दुसरा वास दडला असला तर? आपण आज पुन्हा शब्द दिला आणि तो खोटा ठरला तर? तिने डोक्यावरचा पदर पुढे ओढला, नवऱ्यासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "तोंड उघडा."

हेमराजने भावाकडे पाहिलंही नाही. तो तिच्याकडे पाहत होता. मग त्याने तोंड उघडलं. तृप्ती पोह्यांचा ट्रे घेऊन दारातच थांबली होती.

"काही नाही. संत्र्याचाच वास हाय."

भिवाजी मोठ्याने हसला, पाहुणेही हसले, पोहे खाल्ले गेले, लग्न जमलं. निभावलं, असं सगळ्यांना वाटलं. तिलाही वाटलं.

दुसऱ्या दिवशी सहाला हेमराज आला, चपला काढल्या, तिच्यासमोर वाकला आणि तोंड उघडून उभा राहिला. तिला गंमत वाटली. "काय करून राहिले तुम्ही?" तो हसला नाही. तोंडही मिटलं नाही. शेवटी तिने वास घेतला, तेव्हाच तो आत गेला. ओट्यावरचा चहा तसाच राहिला.

मग रोज तेच. आठवड्याभराने तिने त्याचे पाय धरले. "चुकलं माह्यं. म्या तं फाटकातच वळखला होता तो वास."

माफी मागताना हे तिने सांगायला नको होतं.

"वळखला होता?" त्याने विचारलं.

"हो."

त्यानंतर तो मीठ संपलं, बस चुकली, एवढंच बोलतो. दारूला मात्र तो पुन्हा शिवला नाही.

यंदा त्याला दारू सोडून तीन वर्षं झाली, म्हणून केंद्रात कार्यक्रम होता. सुधा मॅडमनी प्रेमलताला शाल-श्रीफळ दिलं. "घरच्यांनी विश्वास ठेवला की काय होतं, ते या ताईंकडे पाहून शिका," असं म्हणून माइक तिच्या हाती दिला. प्रेमलता म्हणाली, "मी काहीच नाही केलं." तिचा नम्रपणा पाहून लोकांनी टाळ्या वाजवल्या. हेमराजनेही वाजवल्या.

परतताना बसमध्ये त्याने तिला खिडकीची जागा दिली. सकाळपासून तो तिच्या शेजारून हलला नव्हता. घरी आल्यावर त्याने कुलूप काढलं, चपला काढल्या, नारळ कोनाड्यात ठेवला आणि तिच्यासमोर येऊन तोंड उघडलं.

सत्काराची शाल अजून तिच्या खांद्यावर होती. प्रेमलताने वाकून वास घेतला.

"काही नाही," ती म्हणाली.

त्याने तोंड मिटलं आणि तो आत गेला.