तळघर करावं की नको

परवा मंगळवारी सकाळी स्टेशनच्या अंगाला, आमच्या नव्या जागेत नऊ फूट खड्डा खणून घेतला. नऊ म्हणजे नऊच, फूटपट्टी मी स्वतः लावली. तळाची माती मुठीत दाबून पाहिली… ठणठणीत कोरडी. आनंद व्हायला हवा होता, पण मन काही निर्धास्त होईना.

महाराज सरकारांनी गावाबाहेर वस्तीसाठी जागा पाडून दिल्या, त्यातली ही एक. गुरुवारी पायाचा मुहूर्त, आणि घराला तळघर करायचं की नाही हे अजून ठरत नव्हतं. हुसेन मेस्त्री उचगावहून येऊन दोनदा बजावून गेले होते. "घड्याळवालं, तळघराला माझी ना न्हाय. दगूड तुमचा, हात माझं. पर गुरुवारच्या आत सांगा. पाया दोनदा खणत न्हाईत."

मी घड्याळं दुरुस्त करतो. हे काम मला कुणी शिकवलं नाही. बंद पडलेली घड्याळं उघडायची, एकेक चाक कागदावर ठेवून त्याची आकृती काढायची, दात मोजून आकडा लिहायचा… अशा पाच वह्या भरल्या होत्या. इंग्रजी अक्षरंही घड्याळांच्या तबकड्यांवरूनच शिकलो.

गेल्या प्लेगात गाव सोडून आम्ही इथंच माळावर झोपडी घालून राहिलो होतो. श्रावणात आलो ते दिवाळी उलटल्यावर परतलो. मधल्या काळात कुणीतरी मागच्या परड्याकडून आमचं घर फोडलं. पेटीत दागिने असतील असं वाटलं असावं. निघाली वह्या-पुस्तकं… मग रागानं सगळं अंगणात भिरकावलं. तीन वह्यांचा पावसात लगदा झाला.

म्हणून नव्या घराच्या नकाशात मी तळघर काढलं. लांबी दहा फूट, रुंदी आठ, खोली आठ. वर एकच फरशी, तिला लोखंडी कडी, आणि त्यावर जाजम. पुन्हा गाव सोडायची पाळी आली तर पेटी खाली ठेवायची आणि निर्धास्त बाहेर पडायचं. दोन वह्या तरी वाचाव्यात, एवढीच इच्छा.

माझ्या बायकोला हे पहिल्यापासून पसंत नव्हतं. "प्लेगचा उंदीर वर पडला तर दिसतोय तरी, माणूस घर सोडतंय. खाली अंधारात मेला तर कळणार कुणाला? वास येईस्तवर आपण वर जेवत बसायचं व्हय?"

फरशी दर दोन दिवसांनी उचलून बघू, असं काहीतरी म्हणालो. "आणि बघायला खाली कोण उतरणार?" तिनं विचारलं… मी नकाशाची घडी घातली. तेव्हापासून नकाशा उघडला की मला आधी तो उंदीरच दिसायचा.

तर मंगळवारी खड्डा कोरडा निघाला. निदान ओलीचा प्रश्न तरी सुटला, असं मनाला समजावत मी तिला बोलावून आणलं. तिनं खड्ड्यात एकदा डोकावून पाहिलं आणि कोपऱ्यावरच्या आडाकडं चालू लागली. मी मागोमाग, खड्डा बघायला आलेले मेस्त्री माझ्या मागं.

"झोपडीत हुतो तवा ह्याच आडाचं पाणी भरत हुतो," ती म्हणाली. काठावरची कळशी आत सोडली, दोर हातानं मापत गेली. चौदा हात.

"आता चैतात चौदा हात लागतोय. भादव्यात दोन हात पुरायचा. नुसतं वाकलं की कळशी बुडायची."

मेस्त्री मिशीत हसले. "चैतात खड्डा खणून पाण्याची चौकशी करायची म्हंजे मालक गावाला गेल्यावर कडी वाजवायची की!" मी म्हणालो, मग आधी का नाही सांगितलं? "तुम्ही फूटपट्टी काढल्यावर आमचं कोण ऐकतंय, घड्याळवालं?"

तरी माझा विश्वास बसेना. काठवटीत पाणी भरून, लांब फळी धरून लेव्हल काढली. आमची जागा आडाच्या काठापेक्षा सव्वा फूट खाली निघाली. दोन हात म्हणजे तीन फूट, त्यातून सव्वा वजा… म्हणजे भादव्यात पाणी आमच्या जमिनीखाली जेमतेम पावणेदोन फुटांवर येणार. आठ फुटी तळघरात सव्वासहा फूट पाणी!

खात्रीसाठी पुन्हा मोजलं. आकडा तोच आला.

दगडांच्या ढिगावर बसून नकाशावरची तळघराची चौकट खोडली. खोडताना फार जड गेलं. प्लेग गेला असं लोक म्हणतात, पण तो एकदाच येऊन थांबत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग पुन्हा गाव सोडायचं झालं तर वह्या ठेवायच्या कुठं? हे मी मोठ्यानं बोललो असणार.

"पुढच्या खेपंला तुमची पेटी मी डोक्यावर घेतो," ती म्हणाली. "भांडी तुम्ही घ्या."

मेस्त्री दुसरीकडं बघायला लागले. मी पेन्सिलीला टोक करत बसलो, तिला टोक होतं तरी.

आज गुरुवार. पायाचा पहिला दगड बसला. तळघर नाही, जोतं मात्र तीन फूट उंच घ्यायला सांगितलंय. काळजी अजून आहेच… पण तीन महिने ती त्या आडावरनं पाणी आणत होती, आणि दोर किती लागतो हे मी तिला एकदाही विचारलं नव्हतं. तिचे आभार तोंडावर मानायला जमलं नाही, म्हणून इथं लिहितोय.