अक्काची ऐकण्याची ठिकाणं

अक्का पाहुण्यांना मोठं देऊळ सगळ्यात शेवटी दाखवायची. माणसं पुण्याहून, सांगलीहून तंजावूरला यायची ती देवळासाठी, आणि ही त्यांना सकाळी बरोबर उलट्या दिशेला चालवत न्यायची. कुणी कुरकुर केली तर म्हणायची, "देऊळ कोठें जातें? हजार वर्षें उभेंच आहे. दगड निवूं दे. आधीं कापी घ्या." दगडाचं कारण खोटं नव्हतं, भर दुपारी त्या आवारात अनवाणी पाऊल टाकून बघावं. पण ते एकच कारण नव्हतं.

अक्का माझी मावसबहीण, माझ्याहून थोरली. राजवाड्यामागच्या गल्लीत राहायची. जन्मभर तमिळ शाळेत गणित शिकवलं, नवरा लवकर गेला, मुलगा चेन्नईला नोकरीत. मी ऐन उमेदीची काही वर्षं पुण्यात नोकरी करून परतलो होतो, त्यामुळे राजवाड्यातलं ग्रंथालय बघायला येणारे लेखक, प्राध्यापक, नुसते पुस्तकवेडे, सगळे पत्ता शोधत माझ्याकडे यायचे. उतरायचे माझ्या घरी, पण गाव बघायचं ते अक्काबरोबर. तिचं बोलणं ऐकून बहुतेकांना हसू फुटायचं. ऐतिहासिक नाटकातलं बोलता तुम्ही, असं कुणीतरी म्हणायचंच. अक्का शांतपणे उत्तर द्यायची, "नाटक तुमचें. आमचें हें घरचें."

गाव दाखवण्याची तिची एक अट असे. प्रत्येक ठिकाणी पाहुण्याने एक पान मोठ्याने वाचून दाखवायचं. स्वतःचं असो की दुसऱ्याचं, पण मराठी. पिशवीत पुस्तक नसलेला पाहुणा तिला जेवणात मीठ नसल्यासारखा वाटे. तोंडावर ती तसं म्हणतही असे.

तिची ठिकाणं मला वर्षानुवर्षं विचित्र वाटली. राजवाड्याच्या आवारातला एक कोपरा, जिथे बघायला काही नाही, नुसती उंच भिंत. दक्षिण वीधी नावाच्या रस्त्यावरचं एक कापीचं, म्हणजे कॉफीचं, हॉटेल, तेही सकाळची गर्दी ओसरल्यावर आणि इडलीचं पीठ वाटणारं यंत्र थांबल्यावर. ओरत्तनाडूचं छत्र, म्हणजे यात्रेकरूंची धर्मशाळा, आमच्या भोसले राजांच्या काळातली. तिथे ती टाउन बसने न्यायची आणि कोरीव खांब सोडून आतल्या ओवरीत बसवायची. कावेरीच्या पाण्याचा कालवा गावातून जातो, नारळांची सावली असते, कुणालाही आवडेल अशी जागा. तिथे ती कुणाला थांबू देत नसे. "येथें वारा शब्द नेतो," म्हणायची. आता कळतं की तिने गाव डोळ्यांनी निवडलं नव्हतं. कुठे आवाज नीट पोचतो, एवढंच तिने पाहिलं होतं. देवळाच्या आवारात दिवसा माणसांचा गलबला. संध्याकाळी तो पांगला की एका बाजूच्या ओवरीत शेवटचं पान.

ऐकलेलं पान ती दिवसचे दिवस चघळायची. कुणीतरी एका कादंबरीचं मधलंच पान वाचून गेलं होतं. त्यात एक मुलगी भावाशी भांडून घराबाहेर पडते. पुढचा पाहुणा आला की अक्का त्याला विचारी, "त्या पोरीचें पुढें काय झालें?" त्याला बिचाऱ्याला ते पुस्तकच ठाऊक नसे. शेवटी कीरै, म्हणजे पालेभाजी, निवडता निवडता तिने स्वतःच त्या मुलीला कुंभकोणमला पोचवलं, शाळेत नोकरी लावून दिली, आणि भावाला दारात उभं केलं. मला ते सगळं ऐकावं लागलं. भावाला आत घेतलं का, असं मी विचारलं तर म्हणाली, "अजून विचार चालू आहे."

अक्काला देवनागरी येत नव्हती. आमच्यात, तंजावूरच्या मराठी घरांत, हे काही नवल नाही. घरात मराठी बोलायची, शाळेत तमिळ नि इंग्रजी शिकायची. लिपी घरापर्यंत पोचलीच नाही. गल्लीत ते सगळ्यांना माहीत होतं. पाहुण्यांना मात्र ती हे कळू द्यायची नाही. कुणी पुस्तक पुढे केलं की तिचा चष्मा घरी राहिलेला असायचा.

ती गेल्यावर आमच्या मंडळींनी छोटी सभा घेतली. तीत मी बोललो. गुडघ्यांनी दगा दिला म्हणून अक्काने पाहुण्यांबरोबर फिरणं सोडलं, असं सांगितलं. लोकांनी माना डोलावल्या. मी सांगितलं ते खरं नव्हतं. खरं काय ते सांगावं म्हणून हे लिहितो आहे. माझंही वय झालं आहे, आणि आणखी कुणी सांगणारही नाही.

झालं ते असं. पुण्याचे एक लेखक चार मित्र घेऊन आले होते. पत्र मला, मुक्काम माझ्याकडे, आणि सकाळपासून सगळे अक्काच्या मागे. मी शेवटी पिशव्या धरून चाललो होतो. राजवाड्याच्या त्या भिंतीजवळ लेखकांनी पान वाचलं. मग नवं पुस्तक सही करून तिच्या हातात दिलं आणि म्हणाले, आता तुमच्या गोड मराठीत तुम्ही चार ओळी वाचा. अक्का म्हणाली, चष्मा राहिला. मित्रांपैकी एकाने आपला चष्मा काढून दिला. तिने तो लावला, पान उघडलं, आणि माझ्याकडे पाहिलं. सोडव, एवढंच त्या नजरेत होतं.

मी म्हणालो, "अहो, तिला कुठे येतंय वाचायला. सगळ्या महाराष्ट्राला ग्रंथालय दाखवते, पण दारावरची पाटी विचाराल तर काळ्या मुंग्या."

सगळे हसले. वाईट हसले नाहीत, पण हसले. अक्काही हसली. चष्मा पुसून ज्याचा त्याला परत दिला. मग ठरल्याप्रमाणे छत्र दाखवलं, कापी पाजली, संध्याकाळी देऊळ दाखवलं. पान मात्र तिने कुणाकडेच मागितलं नाही. त्या मंडळींना वाटलं, बाई दमल्या.

पुढचा पाहुणा आला तेव्हा तिचे गुडघे दुखत होते. त्यानंतरही दुखतच राहिले. मीच लोकांना तिच्या ठिकाणांवर नेऊ लागलो आणि माझी आवडती ठिकाणं म्हणून दाखवू लागलो. कुणी वाचत नसे, फोटो काढत. दोन गल्ल्या पलीकडे मराठी ऐकायला आसुसलेलं माणूस बसलं आहे, माझ्या कपाटात पुस्तकं आहेत, निवृत्त झाल्यापासून संध्याकाळ मोकळी आहे, हे सगळं मला माहीत होतं. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत वर्षं गेली. माफी मागायला गेलं की काय घडलं होतं ते बोलावं लागतं. तेवढं बळ माझ्यात नव्हतं.

शेवटी गेलो ते गेल्या उन्हाळ्यात. खालच्या खोलीत ती नव्हती. गच्चीवर कापड पसरून वडाम वाळत घालत होती, म्हणजे महाराष्ट्रात कुरडया घालतात तसे. परात घेऊन ती जिना चढली होती. मला पाहून गुडघ्यावर हात ठेवायचंही तिला सुचलं नाही, आणि मग दोघांनीही तो विषय काढला नाही.

मी म्हणालो, "अक्का, पुस्तक आणलंय. वाचून दाखवू?"

"आतां कशास रे?" ती म्हणाली. वडामाची ओळ पुरी केली. मग वर न बघता म्हणाली, "त्या दिवशीं मंडळी गेल्यावर तुजला विचारणार होतें मी. अक्षरें शिकव म्हणून. लाज वाटत होती म्हणून वर्षभर थांबलें होतें."

 मी विचारलं, "आता शिकवू?"

"डोळे कोठें राहिले? कावळे हाकायला पुरतात तेवढेच." तिच्या आवाजात राग नव्हता. असता तर मला बरं वाटलं असतं. "ऊन सरकलें. तें टोक धर."

मी पुस्तक कठड्यावर ठेवलं आणि कापडाचं दुसरं टोक धरलं. वडाम हलू न देता आम्ही ते उन्हात सरकवलं. मग ती एका कडेला बसली, मी दुसऱ्या, आणि दुपार टळेपर्यंत आम्ही कावळे हाकत राहिलो. ऐप्पसीच्या, म्हणजे दिवाळीच्या सुमाराच्या, पावसात ती गेली.