म्हशीला चालेल अशी करवत

वासाची शिसारी सगळ्यांना कळते. आवाजाची शिसारी येते म्हटलं की लोक माझ्याकडे विचित्र नजरेनं बघतात. पण येते. जेवताना घासात केस निघाला की होतं, तसं मला काही आवाजांनी होतं. त्यातला सगळ्यात घाणेरडा आवाज मी घोटावड्याला, आमच्याच गोठ्याच्या भिंतीपलीकडे ऐकला. ऐंशी साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील.

माझा नवरा तेव्हा पिंपरीच्या एका कारखान्यात होता. तोंडावर मी त्याला अहो-जाहोच करायचे, पण आज लिहिताना एकेरी येतंय, कारण चिडून लिहिताना मला अहो-जाहो जमत नाही. लालभडक तापलेलं लोखंड साच्यात ठेवायचं आणि वरून भलाथोरला यंत्राचा हातोडा पडायचा, अशा खात्यात त्याची उमेदीची वर्षं चालली होती. घरी येऊन दोनदा साबण लावला तरी अंगाचा जळक्या तेलाचा वास जायचा नाही. बोलायचा तर ओरडून. "वाढ गं!" म्हणाला की शेजारीण तिच्या घरात ताटं मांडायला घ्यायची. रेडिओ असा लावायचा की मारुतीच्या पारावर बसलेल्यांना बातम्या फुकट मिळायच्या. मी बारीक करायचे, तो पुन्हा मोठा करायचा. कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत राहायच्या, हा शेजारच्या खोलीत पेपर वाचत ढिम्म, आणि भाताचा चिकट गोळा मग मी ओकारी दाबत खायचा. कारखान्यानं याचा पार रानटी करून टाकलाय, असं मला वाटायचं.

पण एक गोष्ट आम्हा दोघांनाही सारखीच हवी होती. त्याला त्या कारखान्यातून बाहेर पडायचं होतं. लग्नाआधी तो सुतारकाम शिकला होता, हातही चांगला होता. गोठ्याला लागून कडबा ठेवायची पडवी होती. तिथे गोल करवतीचं टेबल मांडायचं आणि दारं, चौकटी, पलंग करायचे. आमच्याकडे तेव्हा नवी घरं उठत होती, कामाला तोटा नव्हता. रविवारी मशीन पसंत करायचं आणि सोमवारी जाऊन साहेबांना "सोडतो" म्हणून सांगायचं, एवढं पक्कं झालं होतं. घाई त्याच्यापेक्षा मलाच जास्त. झोपेतसुद्धा त्याचा उजवा खांदा दचकायचा, ते मी रोज बघत होते.

"डोक्यात घण पडतात गं तिथं," तो म्हणायचा. "जरा शांत काम पाहिजे." हे तो अशा आवाजात सांगायचा की याला शांतता हवी आहे हे सगळ्या आळीला कळायचं.

अडचण एकच होती. पडवी सासूबाईंची, आणि पडवीच्या भिंतीपलीकडची म्हैसही सासूबाईंची. म्हैस पहिल्या वेताची, नुकती व्यालेली आणि महाभित्री. परका माणूस नुसता खोकला तरी दूध चोरायची. आचळाला हात लावून बसा, नाहीतर आरती ओवाळा, थेंब सोडायची नाही. सासूबाईंनी बजावलंच.

"मशीन कंचं बी आना. पर धारंच्या वक्ताला चालवून दावा. म्हस उभी ऱ्हायली तर ठेवा, लात मारली तर हितनं उचला. तुझ्या करवतीपायी मी म्हस आटवायची न्हाई."

मला हे पटलं. दुकानातला माणूस खोटं बोलेल, नवरा हट्टाला पेटेल, म्हैस कशाला खोटं बोलतेय?

तर त्या रविवारी दोन मशीनं आमच्या पडवीत आली. एक शेजारच्या माण गावच्या सुताराचं. त्याचा खांदा गेला म्हणून तो धंदा बंद करत होता, मशीन घेऊन तो स्वतःच आला होता. लोखंडी टेबल, खाली बाजूला जाडजूड मोटर, मोटरीवरून करवतीला पट्टा. बोजड, कुरूप, रंग उडालेला. दुसरं पुण्याच्या एका दुकानातून आलेलं, कोरं, हिरवं चकचकीत, आटोपशीर. त्याची मोटर थेट करवतीलाच जोडलेली. त्याच्याबरोबर दुकानाचा माणूस आला होता. सफारी, केसांना तेल, तोंडात पान, आणि दर दोन वाक्यांनी खिशातून कंगवा. आमच्या तुळशीच्या कट्ट्याजवळ त्या मेल्यानं पिचकारी मारली. तेव्हाच तो माझ्या मनातून उतरला.

आळीतले बापे झाडून जमले. काही फुकट बघायला मिळणार म्हटल्यावर कोण घरी बसतंय! त्यातल्या एकानंही आयुष्यात फळी कापली नव्हती, पण मत प्रत्येकाला होतं. तंबाखू मळत, थुंकत, टेबलाला टिचक्या मारत उभे. "हिरवं भारी हाय." "न्हाई रं, वजन बघ त्या दुसऱ्याचं." अशी सगळी अक्कल. मी चहा केला तो कपाळाला आठ्या घालूनच.

सासूबाई चरवी घेऊन म्हशीखाली बसल्या. भिंत छपरापर्यंत नव्हती, त्यामुळे आवाज सरळ गोठ्यात येणार होता. मी गोठ्याच्या दारात अशी उभी राहिले की मला दोन्हीकडचं दिसावं. दुधाची धार चरवीत वाजायला लागली तशी मी नवऱ्याला हातानं खूण केली.

आधी पट्ट्याचं मशीन सुरू झालं. घर्रर्र. पिठाची गिरणी असते ना गावात, तसा जाडा, बसका आवाज. फळी आत गेली तशी घरघर वाढली. म्हशीनं कान मागे टाकले, एक पाय उचलला, पुन्हा ठेवला आणि रवंथ करायला लागली. धार चालू राहिली. "चालंल!" सासूबाई आतून म्हणाल्या. मला अगदी हायसं वाटलं. भुसा उडून चहाच्या कपांत पडला होता, तेवढं सोडलं तर माझी काही तक्रार नव्हती.

मग सफारीवाल्यानं हिरव्या मशीनचं बटण दाबलं.

कसं सांगू? डुकराला जिवंत धरल्यावर ते किंचाळतं, ते किंचाळणं बारीक तारेसारखं ओढून कुणी दाढांच्या मुळात घालावं, तसं झालं. आणि ही तर नुसती मोकळी करवत. फळी लावल्यावर तो आवाज आणखी वर चढला. माझ्या तोंडात पाणी सुटलं, ओकारीच्या आधी सुटतं तसलं. बाप्यांनी कानांत बोटं घातली. कुत्रं शेपूट घालून पळालं. आणि म्हशीनं अशी लाथ मारली की चरवी भिंतीवर जाऊन आदळली. सगळं दूध शेणात. सासूबाई मागच्या मागे बसल्या, लुगडं चिखलात. त्या शेणमिश्रित दुधावर माशा बसलेल्या मला अजून दिसतात. "बंद करा! बंद करा ते!" मी बोंबलले. नवरा माझ्याकडे पाठ करून शांतपणे फळी पुढे सरकवत होता. शेवटी माणच्या सुतारानं बटण बंद केलं.

नवरा वळला. चेहरा असा खुललेला की काय सांगावं!

"हेच घेऊ," तो म्हणाला. "काय शांत आहे! ते पहिलं म्हणजे नुसती कटकट."

सगळे हसले. मलाही आधी वाटलं, थट्टा करतोय. पण तो थट्टा करत नव्हता. सफारीवाल्यानं कंगवा काढला. "साहेबांना पारख आहे!" म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. याला त्या सफारीवाल्यानं पटवलंय, असंच वाटलं मला. "शांत?" मी म्हटलं. "डोंबल शांत! सासूबाई पडल्या तिकडे, दूध गेलं सगळं, आणि म्हणे शांत!" तो आणखी मोठ्यानं बोलायला लागला. म्हैस मुळातच खोडील आहे, तुम्हा बायकांना नवीन काही चालतच नाही, याचं पातं बघ, याची मोटर बघ. पडवीच्या तोंडाशी वाट अडवून उभा राहून त्याचं भाषण चालू होतं.

तेवढ्यात डेअरीला दूध नेणारा त्याच्या सायकलवरून आला. दोन्हीकडे कॅन लटकवलेले, त्यामुळे त्याला आत यायला जागा हवी होती. त्यानं घंटी वाजवली. बापे बाजूला झाले. नवरा हलला नाही. पुन्हा वाजवली. मग चिडून तो अंगठ्यानं घंटी वाजवतच सुटला. किणकिणकिणकिण, नवऱ्याच्या पाठीला चिकटून. नवरा पात्याचे दाते समजावून सांगत होता. मान वळणं सोडा, पापणी लवली नाही. बाप्यांचं हसणं हळूहळू थांबलं.

सासूबाई शेणानं भरलेल्या लुगड्यानिशी बाहेर आल्या. त्यांचा आवाज मुळात पुरुषी, जाडा.

"आरं, घंटी ऐकू येत न्हाई व्हय तुला?"

तो लगेच वळला. "कसली घंटी?"

सायकलवाल्याचा अंगठा अजून घंटीवर चालूच होता. घंटी वाजतच होती.

बोलला तो फक्त सफारीवाला. म्हणाला, "मग तर उत्तमच की वहिनी! साहेबांना ऐकूच येत नाही, म्हणजे साहेबांना त्रासच नाही."

इतकी किळस मला आयुष्यात कुणाची आली नसेल. शेणातली रिकामी चरवी उचलून मी त्याच्या दिशेनं भिरकावली. लागली नाही, हे वाईट झालं. सफारीला शेण लागलं, तेवढ्यावर समाधान मानलं. तो हिरवी ब्याद उचलून टेम्पोत घालून गेला, आणि बापेही एकेक करत पांगले.

मी नवऱ्याच्या समोर जाऊन उभी राहिले. "ते हिरवं तुम्हाला कसं ऐकू आलं?"

"वाऱ्यासारखं," तो म्हणाला. "झाडातून वारा जातो तसं."

"आणि हे पट्ट्याचं?"

त्यानं त्या कुरूप टेबलाकडे बघितलं आणि तोंड असं केलं, जसं मी घासात केस आल्यावर करते. "हे? हे म्हणजे आमचं खातंच की. तीच धडधड. छातीत घुसते. यालाच तर कंटाळलोय मी."

"आता ह्येच घ्यायचं," सासूबाई म्हणाल्या. "म्हशीला चालतंय, घराला चालतंय."

"आये, मला न्हाई चालत," तो म्हणाला. मोठा झाल्यापासून पहिल्यांदा तो आईशी गावच्या बोलीत आणि हळू बोलला.

मी जंग जंग पछाडलं. कानात बोळे घाला म्हटलं, पडवीला पोती लावू म्हटलं, दिवसाकाठी थोडंच चालवा म्हटलं. होईल सवय, असंही म्हणून गेले. तो माझ्या ओठांकडे बघत होता. सवय या शब्दाला तो हसला. "हेच ऐकत बसायचं असेल तर कारखाना काय वाईट?" म्हणाला. माणच्या सुतारानं पट्टा काढला, गुंडाळला आणि अंधार पडायच्या आत मशीन बैलगाडीत घालून नेलं.

मला संताप कशाचा येतो सांगू? त्या खात्यात कान फुटेपर्यंत हातोडा पडत होता, तेव्हा तिथल्या एकाही साहेबाला विचारावंसं वाटलं नाही की बाबा रे, तुला ऐकू येतंय का. आमच्याकडे ते कळायला सायकलची घंटी लागली, आणि कळलं तेव्हा बारीक आवाज सगळे गेले होते आणि त्याच्या वाट्याला जो एक जाडा आवाज शिल्लक होता, तो नेमका त्या हातोड्याचाच होता. थुंकावंसं वाटतं मला.

सोमवारी सकाळी कारखान्याची बस फाट्यावर आली आणि ड्रायव्हरनं भोंगा दिला. जाडा, बसका, भसाडा. मी मुद्दामच गप्प राहिले. नवरा चुलीपाशी चहा पीत होता, माझ्याकडे त्याची पाठ होती. त्यानं तो भोंगा बरोबर ऐकला. कप खाली ठेवला, डबा घेतला, चपला घातल्या आणि निघाला. साहेबांना त्यानं काही सांगितलं नाही. त्या दिवशी नाही, आणि पुढेही कधी नाही.