काचेतलं गवत

"ऊठ की गं आता. मेंढरं बघाया लागल्यात तुज्याकडं. त्यास्नी वाटतंय, मेली बाई."

"मेंढरास्नी म्हनावं, वाईच दम धरा. आत्ता कुटं ऊन आलंय. ह्ये असं परत घावायचं न्हाई."

कालीपा उतारावरच्या बर्फात पालथी पडली होती. एक डोळा कॅमेऱ्याला लावलेला, श्वास कोटाच्या कॉलरमध्ये सोडलेला, काचेवर वाफ धरू नये म्हणून. तिचा नवरा मुकाश पहारीला टेकून उभा होता.

आदल्या दिवशी ऐन हिवाळ्यात पाऊस पडला होता. पडलेल्या बर्फावर पाऊस, आणि रात्रीत सगळं गोठून गेलं. सकाळी बघावं तर अख्खा डोंगर काचेचा. गवताची काडी न् काडी नळीत घातल्यासारखी, आणि ऊन पडलं तशी एकेक नळी पेटलेली. आमच्या नारीन नदीच्या खोऱ्यात जन्म गेला माझा, पण इतकं देखणं काही मी पाहिलं नव्हतं.

"झालं काढून?" मुकाशनं विचारलं.

"झालं."

"मग धर ही पहार."

लग्नाआधी कालीपा तालुक्याच्या गावी एका फोटोच्या दुकानात कामाला होती. ओळखपत्राची तोंडं, नवऱ्यामुली, मेलेल्या म्हाताऱ्यांचे मोठे करून दिलेले चेहरे, हेच काम. दुकान बंद पडलं तेव्हा मालकानं तिला आहेर म्हणून कॅमेरा दिला. इथं नांदायला आली तर अर्धं वर्ष बर्फ. दुसरी बाई रडली असती. हिनं बर्फाचेच फोटो काढायला घेतले. खिडकीवर उमटलेली बर्फाची पानं, घोड्याच्या पापण्यांवरचं पांढरं, तळ्याच्या बर्फात अडकलेल्या बुडबुड्यांच्या माळा. दरवर्षी त्यांची दिनदर्शिका करून घरोघर वाटायची. माझ्या चुलीमागंही एक टांगलेली आहे, धुरानं पिवळी झालेली.

लहानथोर सगळे तिला एजे म्हणतात, म्हणजे थोरली बहीण. चेष्टाही तितकीच करतात.

"एजे, माजी मिशी गोठलीया बघा. मार्च महिन्यात घाला मला."

"तुजी मिशी बगून वसंत वाटंतनंच म्हागारी फिरंल, बाबा."

मुकाश म्हणायचा, लोकांच्या बायका पोरांचे लाड करतात, माझी बर्फाचे करते. पण तिच्यासाठी घोड्याचा लगाम धरून तासन् तास उभा राहायचा तोही तोच.

आता घोड्यांचं सांगायला पाहिजे. आमच्याकडं हिवाळ्यात घोडी पुढं आणि मेंढरं मागं चरतात. घोडं खुरानं बर्फ उकरतं, वरचं गवत खातं, उरलेल्यावर मेंढरं जगतात. घोड्याशिवाय मेंढरू म्हणजे हात तुटलेला माणूस. आणि मुकाशची घोडी शरदातच संपली होती.

त्याच्या बापाचं वर्षश्राद्ध होतं. अश म्हणतात त्याला. सगळं खोरं जेवायला आलेलं. एकामागून एक घोड्या कापल्या, कढया रांगेनं चढल्या, आणि शर्यतीचं पहिलं बक्षीस म्हणून काळा वळू घोडा देऊन टाकला. कालीपा म्हणाली होती, "दोन घोड्या तरी मागं ठेवा."

"बापाच्या अशाला मेंढरू कापू व्हय? लोक थुंकत्याल."

"थुंकू द्यात की. थुकी वाळती."

मुकाशनं ऐकलं नाही. वसंतात नवी घेऊ म्हणाला. आमच्यातल्या कुणी ऐकलं असतं असं मला वाटत नाही. बसायचा एक घोडा तेवढा उरला होता, त्यानं ह्या बर्फात पहिल्याच दिवशी नडग्या चिरून घेतल्या.

अशा बर्फाला आमच्याकडं जुत म्हणतात. गवत खाली असतं, जनावर वर असतं, मधे बर्फाची फरशी. दोघांनी पहारी घेऊन दुपारपर्यंत एका तंबूच्या तळाएवढी जागा फोडली. मेंढरांनी ती जागा चहाची वाटी रिकामी व्हायच्या आत साफ केली आणि पुन्हा माना वर करून ह्यांच्याकडं बघत राहिली. साठवलेला चारा वादळापुरताच होता. रस्त्यावर काच, चाऱ्याची गाडी वर चढेना.

तेव्हा कालीपा चालत दुइशो म्हाताऱ्याकडं गेली. शर्यत त्याच्याच घोड्यानं जिंकली होती, काळा वळू त्याच्याकडं होता. वडीलधारा म्हणून सगळे त्याला बाइके, म्हणजे दादा, म्हणतात.

"दुइशो बाइके, चार घोडी द्या. न्हाईतर माजी मेंढरं तुमच्या मेंढरांच्या मागनं चालू द्यात."

"चल, दावतो," म्हातारा म्हणाला.

घोड्यांच्या नडग्यांना लोकरीचा नमदा गुंडाळलेला होता आणि तो लाल झाला होता. सगळ्यांत पुढं काळा वळू बर्फावर खूर आपटत होता. नाकपुड्यांतून बर्फाच्या सुया लोंबत होत्या. त्याच्या मागं म्हाताऱ्याची मेंढरं एकमेकांना ढकलत उघड्या जागेत तोंडं घालत होती.

"तुज्या सासऱ्याच्या नावाचा हाय त्यो. खोटं कशापायी बोलू? त्येच्याच जिवावर माजी मेंढरं उभी हायेत. त्यो दिला तर माजी मरत्यात, न्हाई दिला तर तुजी. मागं दुसरी मेंढरं घातली तर दोघांची बी. तूच सांग, सूनबाई, काय करू?"

कालीपानं वळूच्या मानेवरून हात फिरवला.

"फोटू काढायचा आसंल तर काढ. लई झ्याक दिसतोय." त्यानं टोमणा मारला नव्हता. दुसरं द्यायला काही नव्हतं म्हणून म्हणाला.

"बॅटरी गारठलीया," ती म्हणाली. बॅटरी नेहमीसारखी कोटाच्या आत, पोटाशी उबेला होती.

निघताना त्यानं एक म्हातारी घोडी सोडून तिच्या हाती दिली. घोडीनं दोन-तीन दिवस बर्फ उकरला. मग भिंतीला डोकं टेकून उभी राहिली, मारलं तरी हलेना. मेंढरं एकमेकांच्या अंगावरची लोकर खायला लागली. आणि गाभण मेंढ्या पडायला सुरुवात झाली.

मी सोलायला मदत म्हणून गेलो तेव्हा मुकाश आत बसला होता. पुढ्यातला चहा निवून गेलेला. आपोआप मेलेलं आमच्यात खात नाहीत, कातडं तेवढं पदरात पडतं.

"त्यो दाव," तो अचानक बायकोला म्हणाला. "त्या दिवशीचा."

तिनं कॅमेरा त्याच्या हातात दिला. त्यानं तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ नेला.

"हितं तर बक्कळ गवात दिसतंय," तो म्हणाला.

"व्हय. समदं दिसतंय."

"एक बी काडी झाकल्याली न्हाई."

"न्हाई."

बाहेर मेंढी खोकली. मग मुकाश कॅमेऱ्याकडंच बघत म्हणाला, "तू म्हनली हुतीस, दोन घोड्या ठेवा म्हनून."

मला वाटलं, ती म्हणेल की जाऊ द्या, नशीब. बायका म्हणतात तसं.

"म्हनले हुते," कालीपा म्हणाली.

त्यानं मान डोलावली. "जानेवारीला ह्येच घालनार?"

"कुनाच्या भिताडावर टांगू? दार उघडलं की ज्येच्या त्येच्या म्होरं ह्येच हाय." तिनं कॅमेरा घेतला, बॅटरी काढून फळीवर ठेवली, चुलीमागची सुरी उचलली. "चला. फाटंची पडल्याली अजून ऊन आसत्याल. गोठली म्हंजे कातडं सुटायचं न्हाई."

भिंतीच्या आडोशाला मेंढ्या ओळीनं पडल्या होत्या. त्यांच्या तोंडाभोवती रात्रीच्या श्वासाची पांढरी नक्षी धरली होती, बारीक, पिसासारखी. कालीपानं ती पाहिली. मग पहिल्या मेंढीच्या पायाशी बसून तिनं बाह्या वर केल्या, मुकाशनं मागचे पाय ताणून धरले आणि सुरी आत गेली.